नसलेली गाठ

जन्माच्या दाखल्यावर मी मुलगी आहे. मला समजायला लागल्यापासून मी मुलगा आहे. हे घरात सांगायला मला तिशी गाठावी लागली, आणि सांगितल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "शेजारी कुणाला बोलली नाहीस ना?"

आम्ही पुंडलिकनगरात राहतो. वडील जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी चिकलठाण्याला एका कंपनीत तयार झालेले सुटे भाग मोजून-तपासून पास करायच्या कामावर. हार्मोनची इंजेक्शनं सुरू केल्यावर माझा आवाज फुटला, ओठावर लव आली. गल्लीत कुणी विचारलं की आई सांगायची, "तिला थायरॉईड निघालाय. त्याच्या गोळ्यांनी असं होतंय." वडील काहीच सांगायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "मी गेल्यावर काय करायचं ते कर." मी विचारलं, "तोवर काय करू?" त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

तोवर मी छाती दाबून धरणारा घट्ट बनियन घालून कंपनीत जात होतो. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, त्यावर कंपनीचा जाड शर्ट. बरगड्यांवर वळ उठायचे, काखेत घामोळ्यांची आग व्हायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पंख्याखाली शर्टाची बटणं सोडून बसायचे. मी संडासात जाऊन बनियन थोडा वर सरकवायचो, चार श्वास घ्यायचो, आणि पुन्हा खाली ओढून बाहेर यायचो. छातीचं ऑपरेशन करायचं ठरवलं त्यामागं मोठा विचार वगैरे नव्हता. मला शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून पंख्याखाली बसायचं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तयारी समजावून सांगितली. ऑपरेशननंतर बरेच आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, काही उचलायचं नाही, उताणंच झोपायचं. म्हणून मी वरच्या फळीवरचं सगळं सामान खाली आणून ठेवलं. डोक्यातून घालायचे सगळे टीशर्ट बाजूला काढले. हातांचा टेकू न घेता पलंगावरून उठायची सवय करायला लागलो. एकदा आई दारात उभी राहून बघत होती.

"काय करायलीस?"

"नंतर हात टेकता येणार नाहीत. म्हणून उठून बघतोय."

"बघतोय," ती म्हणाली. फक्त माझंच क्रियापद परत म्हणाली आणि निघून गेली.

सोबत माझा कंपनीतला मित्र येणार होता. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी आईनं स्वतःची बॅग भरून दिवाणावर ठेवलेली दिसली. म्हणाली, "मी येते. पोरीच्या जातीला दवाखान्यात एकटं सोडलं म्हणून उद्या लोक आम्हालाच नावं ठेवतील." आई येतेय, एवढंच मी ऐकलं. बाकीचं वाक्य माझ्या कानावरून गेलं.

भूल उतरत असताना पहिल्यांदा मला आईचं रडणं ऐकू आलं. छातीवर दगड ठेवल्यासारखं जड होतं, घशाला कोरड पडलेली, डोळे उघडत नव्हते. पण दाराबाहेर आई हुंदके देऊन रडत होती आणि मला मनापासून बरं वाटलं. वाटलं, रडू दे, शेवटी आई आहे. मग शब्द लागायला लागले. ती जालन्याच्या मावशीशी फोनवर बोलत होती.

"गाठ निघाली गं. दोन्हीकडं. काढूनच टाकावं लागलं सगळं. व्हय, कॅन्सरच. लग्नाचं वय गेलं पोरीचं, त्यात हे असं."

मित्रही सोबत आला होता, तो माझ्या उशाशी बसलेला होता. मी ऐकतोय हे त्याला कळलं. त्यानं उठून दार लावून घेतलं आणि म्हणाला, "थोडं पाणी ओठाला लावतो. बोलू नको."

परतीच्या गाडीत छाती आणि सीटच्या पट्ट्याच्या मधे उशी धरून बसलो होतो. नगर गेल्यावर मी आईला विचारलं, "कॅन्सर कशाला सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग काय सांगू? धडधाकट अवयव कापून आली म्हणून सांगू? कॅन्सर म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही."

ते खोटं निघालं, कारण लोक खूप विचारायचे. आम्ही घरी आलो त्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. शहाळी, सफरचंदं, कुठल्या कुठल्या देवाचा अंगारा. कित्येक वर्षं मला बघून जिन्यात कुजबुजणाऱ्या बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. "केस तरी राहिले बाई, नशीब." जालन्याची मावशी येऊन माझ्या पायाशी बसून रडली. मी आहे तो असा आहे, हे सांगितलं तेव्हा तिनं माझा नंबर ब्लॉक केला होता. नसलेल्या रोगासाठी तिनं दोन रुमाल भिजवले.

आणि आई. आई मला हातानं भरवायची. वरणभाताचे बारीक घास करून, फुंकर घालून. कोमट पाण्यात पंचा पिळून पाठ पुसायची. लहानपणी गोवर आला होता त्यानंतर ती अशी माझ्याजवळ बसली नव्हती. छातीकडं मात्र बघायची नाही. छातीच्या बाजूनं बाहेर काढलेल्या नळ्या होत्या, त्यांच्या टोकाला साचणारं लालसर पाणी रोज ओतून टाकावं लागायचं. ते काम वडिलांनी न सांगता घेतलं. ते यायचे, चष्मा नाकावर सरकवून पाणी काढायचे, मोरीत ओतायचे, साबणानं हात धुवायचे. एक शब्द नाही. एकदा फक्त म्हणाले, "आज कमी आलंय."

आमच्या समोर एक बाई राहतात. मी त्यांना काकू म्हणतो. सिल्लोडच्या पुढं एका गावात शाळेवर शिक्षिका. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायच्या, त्यामुळं भेटायला येणाऱ्यांत त्या नव्हत्या. नळ्या निघाल्यावर मी अंगणात फिरायला लागलो होतो, तेव्हा एका दुपारी त्या आल्या. आई भाजी आणायला गेलेली, वडील वर गच्चीत पाण्याची टाकी बघत होते.

काकू खुर्चीच्या कडेला बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"तुला एक विचारायचंय. आईला सांगू नको."

"विचारा ना."

"तुला आधी गाठ हाताला लागली होती का? का दुखायलं होतं म्हणून दाखवलंस?"

सगळे विचारायचे तसंच वाटलं मला. आईनं ठरवून दिलेलं उत्तर मी दिलं, "डॉक्टरांनाच कळलं."

"मला अंघोळ करताना लागली," त्या म्हणाल्या. "डावीकडं. सुई टोचून तपासलं. तेच आहे."

त्या खाली बघत बोलत राहिल्या.

"यांना अजून सांगितलं नाही. लेकीची परीक्षा चालू आहे. शाळेतून रजा काढून दोन दिवस घरातच आहे, खिडकीतून तुला बघते. तू फिरतीस, फोनवर हसतीस. तोंडावर कळा आलीय तुझ्या. मी म्हटलं, एवढीशी पोर दोन्ही काढून हसत फिरतीय, मग मी कशाला घाबरायलेय. आणि केस पण गेले नाहीत तुझे. केमो केलीच नाही ना तुला? मी डॉक्टरला तेच सांगणार आहे. केमो नको, दोन्ही काढून टाका. आमच्या समोरच्या पोरीचं तसंच केलंय, ठणठणीत आहे म्हणावं."

त्यांच्या आवाजात आशा होती, आणि ती माझ्या नावावर होती. गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"काकू, माझ्या छातीत गाठ नव्हती."

"म्हणजे?"

"कॅन्सर नव्हता. आई सांगते ते खरं नाही. मी मुलगा आहे. मला ते अंग नको होतं, म्हणून काढून घेतलं. केमो त्यामुळं नाही केली. तुम्ही माझ्यावरून काही ठरवू नका. डॉक्टर केमो म्हणाले तर घ्या."

रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली.

"चांगली होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोन्ही?"

"हो."

"दाखव."

मी शर्टाची बटणं सोडली, ऑपरेशननंतर घालायला दिलेला पट्ट्याचा बनियन उघडला. टाके आडवे, अजून लाल, दोन्हीकडं चिकटपट्ट्या. आरशात बघताना मला दर वेळी भरून यायचं, इतकं ते मला बरोबर वाटायचं. काकू बघत होत्या, आणि त्यांचा हात आपोआप पदराखाली स्वतःच्या डाव्या बाजूला गेला होता.

"मला वाटलं होतं," त्या उठत म्हणाल्या, "आपण दोघी आहोत."

दार ओढून घेऊन त्या गेल्या.

रात्रीच्या जेवणाआधी मी आईला सांगितलं की समोरच्या काकूंना मी खरं सांगून टाकलंय. का सांगितलं ते सांगितलं नाही. ते त्यांचं होतं. आई भांडी लावत होती, तिनं हातातला डबा तसाच ओट्यावर ठेवला.

"तुला कुणी विचारलं होतं का?"

"खोटं किती दिवस चालवायचं?"

"मी चालवत होते ना. तुला काय जड झालं होतं? घरात बसून माणसं भेटायला यायलीत, डोक्यावर हात ठेवायलीत. ते नको झालं तुला? आता मी कुणाकुणाला काय सांगू?"

वडील म्हणाले, "त्या बाई बोलणार नाहीत कुठं."

"तुम्ही गप बसा," आई म्हणाली.

त्या दिवशी माझं ताट टेबलावर ठेवून ती आत गेली. माझे हात अजून धड वळत नव्हते. घास तोंडाशी नेताना टाके ओढायचे. मी मान खाली घालून, ताटाजवळ तोंड नेऊन जेवलो. वडिलांनी उठून माझं ताट दोन पुस्तकांवर ठेवलं, म्हणजे ते जरा उंच झालं. आईनं पुन्हा भरवलं नाही, पाठ पुसली नाही. आजार संपला, तशी आईही संपली.

काकूंचं नंतर सगळ्यांनाच कळलं. त्यांचं ऑपरेशन इथंच झालं, एकाच बाजूचं, आणि मग केमो. गल्लीनं जी शहाळी मला आणली होती तीच आता त्यांच्याकडं जाऊ लागली. आई रोज डबा करून न्यायची. मी कामावर रुजू झालो होतो. एका रविवारी मी गेलो. काकांनी दार उघडलं. काकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, डोक्याला सुती ओढणी गुंडाळलेली. हात अंगाशी धरलेला.

"हात वर कधी जायला लागला तुझा?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू. भिंतीवर बोटं चालवायची, रोज थोडी वर. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जोर करू नका. तुमच्या काखेतल्या गाठीही काढल्यात, तुम्हाला वेळ लागेल."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुझी आई येते. मला सांगते, आमच्या हिला असंच झालं होतं, हिला मी हे खायला घालायचे, ते द्यायचे. मी ऐकून घेते. मला खरं माहीत आहे हे तिला ठाऊक आहे, तरी सांगते. सांगताना रडते पण."

मी त्यांच्या पाण्याचा पेला जवळ सरकवला.

"तू येत जाऊ नको," काकू म्हणाल्या. आवाज साधा, शाळेत मुलाला बाक बदलायला सांगावं तसा. "तुझा काही दोष नाही. तू खरं सांगितलंस म्हणून मी केमोला तयार झाले. पण तुला बघितलं की मला राग येतो. मी देवाजवळ भीक मागितली, राहू दे म्हणून. तू स्वतःहून मागून काढून घेतलंस. मला ते डोक्यातून जात नाही."

"बरं," मी म्हणालो.

"आईला सांग, भाजीत तिखट कमी टाकत जा."

मी ते आईला सांगितलं.

दिवाळीनंतर मी चिकलठाण्यात कंपनीजवळ खोली घेतली. आईनं अडवलं नाही. मी निघालो तेव्हा वडील खालपर्यंत आले, माझी पाण्याची बाटली घेऊन. रिक्षात ठेवताना म्हणाले, "नीट राहा रे." तो 'रे' त्यांच्या तोंडून चुकून आला का मुद्दाम, ते मी विचारलं नाही. पुढच्या वेळी फोनवर त्यांनी पुन्हा "कशी आहेस" असंच विचारलं.

कंपनीत मी आता जेवणाच्या सुट्टीत पंख्याखाली बसतो. कुणी लक्ष देत नाही. मला वाटलं होतं, त्या एका गोष्टीचा फार आनंद होईल. होतो, पण थोडा वेळ.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मावशीच्या घरी लग्न आहे, साडी नेसणार नसशील तर येऊ नको, हे सांगायला. तेवढं बोलून झाल्यावर ती फोन ठेवेना. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"आता परत तर येणार नाही ना?" तिनं विचारलं.

"लग्नाला?"

"ते नाही. तुझं. ती गाठ."

मी म्हणालो, "आई, गाठ नव्हती."

"हो, पण परत तर येणार नाही ना?"

समोरच्या गाळ्यात कुणीतरी शटर खाली ओढत होतं. तो आवाज थांबेपर्यंत मी थांबलो.

"नाही येणार," मी म्हणालो.

"तपासून घेत जा तरी," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.