सिमेंटच्या पत्र्यावर चुकलेलं पाऊल

मित्रहो, आज थोडक्यात वाचलो.

आमच्या लोणावळ्यात पावसाआधी छपराच्या भेगा डांबराने बुजवाव्या लागतात. आज सकाळी मीच चढलो. खाली आमच्या हिने शिडी धरली होती. सिमेंटच्या पत्र्यावर बोल्टच्या रांगेवरूनच चालायचं, कारण तिथे खाली लोखंडी पाइप असतो. पण समोर धुक्यातला डोंगर दिसला, चौथीतली कविता मोठ्याने म्हणू लागलो आणि पाऊल भलतीकडे पडलं.

कड्!

पायाखालच्या फटीतून थेट स्वयंपाकघर दिसलं.

"अहो, हलू नका! कविता राहू द्या, बोल्टवर पाय ठेवा!"

पोटावर सरपटत शिडी गाठली. मी खाली उतरलो, तरी ही काही शिडी सोडेना. एकेक बोट मीच सोडवलं.

सत्तरीनंतरही छपरावर चढणाऱ्यांनो, तुमची शिडी कोण धरतं?