दारात फाडलेलं कार्ड

जुनी पोस्टकार्डं जमवणाऱ्यांना मी छातीठोकपणे सांगतो, मरणाची खबर आणणारं कार्ड शोधू नका, मिळणार नाही. ओळखू यावं म्हणून पाठवणाराच त्याचा कोपरा फाडायचा. लोक ते दारातच वाचून फाडून टाकायचे, घरात न्यायचे नाहीत.

परवा एरंडोलच्या एका नानांनी त्यांच्या आजीच्या पेटीतलं, शंभरेक वर्षांपूर्वीचं कार्ड दाखवलं. तिच्या माहेरचं, यावलहून आलेलं. कोपरा फाडलेला, आई गेल्याची खबर. माझं म्हणणं खरंच होतं. रीतीप्रमाणे त्याचे चार तुकडे केले होते. फक्त कुणीतरी ते वेचून गोधडीच्या टाक्यांनी पुन्हा जोडले होते. त्यातला एक तुकडा उलटा शिवला होता.

मी त्या तुकड्यावर बोट ठेवलं, तसे नाना म्हणाले, "आजीले वाचता येत नव्हतं."