उंच केलेला ॲक्सल

“गाडी उंच कराया स्प्रिंगचे पाटे किती पण चढव, मागच्या ॲक्सलच्या मधला गियरचा गोळा हाय तिथंच ऱ्हाणार ना रं! दगडाला तोच आपटतोय!”

खालापूरचे आमचे मिस्त्री ओरडले की माथेरानचे घोडे बिथरतात. ओरडतात तेही गाडीखालून. त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मला त्यांचे पायच जास्त ओळखीचे.

ही बोलणी खात होता त्या गाडीचा ड्रायव्हर. डोंगरावरच्या वाडीतली आजारी माणसं खाली आणायला त्याची एकच जीप, आणि तिचा गोळा फुटून तेल गळत होतं.

मिस्त्री बाहेर आले, शंभर वर्षं झोपले नसावेत असे. स्वतःच्या जीपसाठी कित्येक रविवार कापून-जोडून, गोळा वर घेऊन उंच केलेला ॲक्सल त्यांनी सोडवला आणि शिव्या घालतच त्याच्या गाडीला बसवला.

“आता तुमची जीप?” मी विचारलं.

“ऱ्हाईल उभी.”