दावा न लावण्याचा शब्द

आठवडाभर मी चेन्नईत, अंबत्तूरच्या ऑफिसात एका बड्या कंपनीच्या मालकीच्या तंत्रावर प्रोग्राम लिहीत असे. ते पोटासाठी. रविवारी मात्र वेस्ट मांबलमहून बस धरून अड्यारला जायचे. तिथे एका संस्थेने दिलेल्या खोलीत आमचा लहानसा गट जमे. अंध माणसांना संगणकावरचा मजकूर तमिळमध्ये वाचून दाखवणारा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो आणि सगळ्या कोडसकट मोफत वाटत होतो. फाइल उघडून त्यातला मजकूर काढणारा भाग माझा होता.

गट उभा केला होता तंजावरी मराठी घरातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी. मी त्यांना अण्णा म्हणे. कंपन्यांच्या दारात उभं राहायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

म्हणून एका रविवारी ते काय म्हणतायत तेच मला आधी कळेना. सगळा प्रोग्राम त्या बड्या कंपनीच्या तंत्रावर नव्याने लिहायचा होता. कंपनीने त्या तंत्राचे नियम जाहीर केले होते आणि परदेशातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ते पाळून त्या तंत्राची स्वतःची मोफत आवृत्ती बनवली होती. आता आपणही तीच वापरायची.

"आणि उद्या पेटंट पुढे केलं तर?" मी विचारलं.

"दावा लावणार नाही, असा शब्द दिलाय त्यांनी."

"शब्द त्यांचा, फिरवणारेही तेच. नियम बदलायचे झाले तर आपल्याला कोण विचारणार?"

"रागावतेस कशाला?" अण्णा तमिळ हेलात शांतपणे म्हणाले. "लोकांना प्रोग्राम वेगाने चालायला हवा. आत काय आहे, त्याचं त्यांना काय?"

"मग मी रविवारी इथे कशाला येते, अण्णा? हेच काम मला सोमवारी पगार देऊन सांगतात."

मग एकजण पुटपुटला की आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती लिहायला सुरुवातही झालीय, माझा भाग तर लिहून झालाय. मला न विचारता. माझ्या शेजारी बसून ही मंडळी माझ्याकडून माझ्या जुन्या कोडमधल्या चुका दुरुस्त करून घेत होती आणि ते कोड फेकायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. मी पर्स उचलली आणि निघाले. अण्णा जिन्यापर्यंत आले, "कॉफी तरी घेऊन जा" म्हणाले. मी वळले नाही.

आमच्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती मी घरून एकटीने चालू ठेवली. कंपनीने कुणावर दावा लावला नाही, नवा प्रोग्राम जास्त वेगाने चालायचा, हेही खरं. लोक मला ते ऐकवतात, जणू त्यामुळे आमच्या गटाने केलं ते योग्यच ठरतं.

पुढे एका अंध शिक्षकांचा फोन आला. शाळेकडून येणाऱ्या नव्या प्रकारच्या फाइली माझ्या प्रोग्रामला उघडत नव्हत्या. काय करू, असं त्यांनी विचारलं. "नवा घ्या," मी म्हणाले. तो कसा बसवायचा हेही नीट सांगितलं. फोन ठेवला आणि त्या संध्याकाळी घरात कुणाशी धड बोलले नाही.