पश्चिम आणि बंडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली, तेव्हा आता तुम्हाला सांगतो. धीर आला म्हणून नव्हे.

काशिनाथ खोडाळ्याचा. जव्हारला एका खोलीत राहून आम्ही दोघं मॅट्रिक झालो. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं; दरबारात वाकणारे रातोरात लोकशाहीवादी झाले होते, गोरा साहेब गेला होता — पण इंग्रजीच्या मास्तरकीला त्याची भाषा अजून स्वच्छ बोलून दाखवावी लागे. जागा एक. उमेदवार आम्ही दोघं.

इंग्रजीत 'व' दोन. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'वेस्ट' म्हणजे बंडी; आपल्या लिपीला फरक कळत नाही, तोंडाला कळावा लागतो. बंडीला खालचा ओठ दातांना टेकवायचा, पश्चिमेला शीळ घालावी तसे ओठ गोल करायचे. हे मीच त्याला पुस्तकातून वाचून दाखवलं. मग मोखाड्याच्या वाटेवर, नागलीच्या बांधावर, भाकरी खाताना — त्याचं तेच. "ऐक रे, आता कसं येतंय?" मी हसायचो. त्याच्या घरात डोंगरची बोली, शाळेत कष्टाने शिकलेली मराठी. याला तिसरी भाषा कशी जमणार?

जमली. मुलाखतीच्या सकाळी, कचेरीच्या पायरीवर, त्याने दोन्ही शब्द म्हटले. स्वच्छ. माझ्यापेक्षा — हेही लिहायलाच हवं — माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ.

"आता?"

"नाही रे. दोन्ही एकच येतात अजून."

"खरंच?"

"तुला खोटं सांगेन का?"

एवढंच. एका श्वासात मावलं — म्हणून ते लहान होतं का?

दाराबाहेरून मी ऐकत होतो. त्याला उतारा मोठ्याने वाचायला लावला. प्रत्येक 'व'पाशी तो थांबला, पुन्हा म्हणू लागला, अडखळला, मग गप्पच झाला. नंतर माझी पाळी. ठाण्याहून आलेले अधिकारी स्वतः दोन्ही 'व' सारखेच म्हणत होते. मीही तसेच म्हटले. जागा मला मिळाली.

काशिनाथ खोडाळ्याला शेतीवर परतला. त्याची मुलगी माझ्या वर्गात येण्याजोगी झाली, तेव्हा तिला घेऊन आला. दारात चपला काढून उभा राहिला. मला 'अरे' म्हणणारा तो —

"मास्तर, हिला इंग्रजी नीट शिकवा. माझी जीभच जड, तुम्हाला तर ठावं हाय."

मी म्हणालो, "हो."