सहा मिलिमीटरची फट

त्यांना सगळा परिसर परवावाले म्हणतो, आणि तेही तोंडावर. तुम्ही सायकल घेऊन जा. साधं पंक्चर असेल तर दहा मिनिटांत मोकळे व्हाल, पण चाकं रुंद करून घ्यायची असतील, तर ते सगळं मन लावून ऐकतील, हात पुसतील आणि म्हणतील, "परवा या." काम सकाळी अकराला संपलेलं असलं तरी परवाच. गिऱ्हाइकाने विनवण्या कराव्यात, आवाज चढवावा, दुसऱ्या दुकानात जातो म्हणून दम द्यावा, यांचं पालुपद एकच. एका मास्तरांनी तर विचारलं होतं, "अहो, सायकल दुरुस्त करता की मुरत घालता?" परवावाले हसले, पण सायकल काही दिली नाही.

मास्तर फारसे चुकले नव्हते. डोंगरात चालवायच्या सायकली मुळात मोठ्या, अरुंद चाकांवर येतात. हल्ली लोकांना जाड टायर हवे असतात, हवा कमी भरून दगडधोंड्यांवरून मऊ जाणारे. त्यासाठी चाक थोडं लहान घ्यायचं, रिम रुंद घ्यायची आणि तिच्यावर जाडजूड टायर चढवायचा, म्हणजे एकूण उंची जवळपास तेवढीच राहते आणि जुन्या फ्रेममध्ये चाक बसतं. बसतं म्हणजे काय, बसवावं लागतं. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना फ्रेमच्या दोन नळ्या असतात. टायर आणि नळी यांच्यामधून सहा मिलिमीटरची एलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, दोन्ही बाजूंनी न अडता फिरली पाहिजे, हा परवावाल्यांचा नियम. आज फिरली एवढ्याने भागत नाही. नवा टायर रुंद रिमवर चढवून हवा भरली, की पुढचे दोन दिवस तो ताणला जातो, दोन-तीन मिलिमीटरने सुजतो. म्हणून दोन दिवस थांबायचं आणि पुन्हा मापायचं. चांगल्या कारागिराला हे ठाऊक असतं. परवावाल्यांना ते अकरा वर्षांपूर्वीही ठाऊक होतं, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. भिंतीवर पाने, छताला हुक, हुकांना चाकं. दुपारी रस्ता सामसूम झाला, की पंख्याच्या वाऱ्याने टांगलेली चाकं जराजरा वळतात, आणि परवावाल्यांना तो आवाज येतो. सर्र. थांबून पुन्हा सर्र. रबर धातूला घासून जावं तसा. पहिली काही वर्षं ते उठून एकेका चाकाला हात लावून बघायचे. चाकं मोकळी टांगलेली, ती घासणार कशाला? पंखा बंद केला तरी आवाज यायचा. कोपऱ्यात एक लाकडी स्टूल आहे, त्यावर ते कुणाला बसू देत नाहीत. पाय मोडलाय म्हणतात. स्टुलाचे चारही पाय ठणठणीत आहेत. त्यावर दादा बसायचा.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. हसतमुख, उतावळा, धाकट्याची टर उडवण्यात पटाईत. "हा एक नट आवळायला अख्खी सकाळ घालवतो," असं चारचौघांत सांगायचा. धाकट्याच्या कामाला त्याने उभ्या आयुष्यात बरं म्हटलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी मात्र म्हटलं. परवावाल्यांनी त्याच्या गडद लाल सायकलला जाड चाकं बसवली, तसं स्टुलावर बसून दादाने अंगठ्याने टायर दाबून बघितला, चाक फिरवलं आणि म्हणाला, "छान केलंस रे. मानलं तुला."

साखळीच्या बाजूला ती सहा मिलिमीटरची की त्या दिवशी अडखळतच गेली होती. दोन दिवस राहू दे, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ते बोलावं तर दादा पुन्हा खिदळणार, आणि इतक्या वर्षांनी मिळालेलं ते 'छान' वाया जाणार. परवावाले गप्प बसले आणि दादा सायकल घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी खाणीमागच्या उतारावर, वळणावर, मागचं चाक एकाएकी जागच्या जागी थांबलं, असं मागून येणाऱ्या एकाने सांगितलं. दादा घरी आला नाही. लोक म्हणाले, त्या वळणावर खडी फार. घरचेही तेच म्हणाले. परवावालेही म्हणाले, हो, खडी फार आहे तिथे.

सायकल वहिनींकडे परत आली, आणि चादरीत गुंडाळून मागच्या खोलीत गेली. फ्रेमच्या नळीला आतून घासल्याची खूण असली तर दोष परवावाल्यांचा, नसली तर खडीचा. चादर उचलून बघायचं, एवढंच काम. ते त्यांनी केलं नाही. अकरा वर्षं दर रविवारी ते वहिनींकडे गेले, गळका नळ बघितला, बल्ब बदलले, पुतणीला गणितं शिकवली, चहा प्याले, आणि दर वेळी त्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसले. घाबरत होते, दुसरं काही नाही.

आणि या बुधवारी सकाळी पुतणीच ती चादर खांद्यावर टाकून, सायकल ढकलत दुकानात आली. वीस वर्षांची मुलगी, बापासारखीच घाईची.

"काका, बाबांची सायकल. धूळ बघा किती."

परवावाल्यांच्या हातातला पाना निसटला. "ही कशाला बाहेर काढलीस? तुझी आहे ना चांगली."

"ती आता लहान पडते मला. हिची चाकं वाकलीत. आई म्हणाली, काकांकडेच दे. मला बाबांच्या वेळी होती तशीच जाड हवीत." बोलता बोलता तिने शेजारी टांगलेला टायर अंगठ्याने दाबून बघितला. "रविवारी मैत्रिणींबरोबर खाणीमागे जायचंय. आज संध्याकाळी मिळेल?"

"परवा ये."

"अहो, मी काय गिऱ्हाईक आहे का? घरची आहे मी."

"घरची आहेस म्हणूनच सांगतोय," परवावाले म्हणाले. ती तोंड वाकडं करून गेली.

ते बराच वेळ सायकलकडे न बघता बसले. मग बादली भरली, जुनी चाकं काढली, दोरा ताणून फ्रेम सरळ आहे याची खात्री केली. सगळ्यात शेवटी ओला फडका घेऊन साखळीच्या बाजूची नळी पुसली. खूण नव्हती. रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लाल. परवावाले खाली फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. अकरा वर्षं नसत्या भुताला जेवू घातलं, असं त्यांना वाटलं, आणि त्या रडण्यात हसूही आलं.

मग कारागिराचा हात स्वस्थ बसेना. कोरड्या फडक्याने पुन्हा पुसताना नळीच्या आतल्या अंगाला अंगठा जरासा अडला. तिथला लाल थोडा जाड होता, थोडा जास्त चकचकीत. त्यांनी नखाने टोकरलं. एक पापुद्रा निघाला. नेलपॉलिश होती. वहिनी पूर्वी अशीच गडद लाल लावायच्या. खाली बोटाच्या पेराएवढी खाच होती, रंग उडून पोलाद उघडं पडलेलं.

संध्याकाळी ते वहिनींकडे गेले. रविवार नसताना त्यांना दारात बघून वहिनींनी काही विचारलं नाही, पाण्याचा पेला पुढे केला. परवावाल्यांनी तो हातातच धरला.

"वहिनी, त्या नळीवर..."

"मीच लावलं," वहिनी म्हणाल्या. "सायकल घरी आली तेव्हा खडा तिथेच अडकलेला होता. टायर आणि नळीच्या मध्ये. हाताने निघेना, म्हणून स्वयंपाकघरातली सांडशी आणली."

"तुम्हाला कळलं होतं?"

"यांनी सांगितलं होतं ना मला, जागा अगदी काठोकाठ आहे म्हणून. कौतुकाने सांगत होते तुमच्या." वहिनी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मला वाटलं, आज ना उद्या तुम्ही सायकल बघायला मागाल. खूण दिसली तर हा माणूसही हातचा जायचा. म्हणून झाकली. तुम्ही मागितलीच नाहीत."

"राग नाही आला?"

"आला की. अजून येतो. चहा ठेवताना येतो, तुम्ही त्या दाराकडे पाठ करून बसता तेव्हा तर फारच येतो. एकदा विचारलं असतंत, भाऊजी, तर दोघं मिळून रडलो तरी असतो."

परवावाल्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "तिला सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी अकरा वर्षं बघितलं."

गुरुवारी सकाळीच त्यांनी नवी चाकं बांधली, स्पोक आवळून रिमचा आउट, म्हणजे डगमग, काढला, टायर चढवून हवा भरली. की दोन्ही बाजूंनी फिरली. दुपारी रस्ता सामसूम झाला आणि आवाज आला. सर्र. ते उठले नाहीत. सायकलसमोर बसून राहिले. चाक जागचं हलत नव्हतं, पण समोरचा टायर या क्षणीही सुजतोय, आपल्या डोळ्यांदेखत आणि आपल्याला न दिसता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी थिनर घेतला आणि नळीवरची उरलेली नेलपॉलिश पुसून काढली.

शनिवारी सकाळी पुतणी आली. यांचं परवा परवाच्याही पुढे गेलं होतं, म्हणून थोडी फुरंगटूनच आली.

"झाली ना एकदाची?"

"इकडे ये. आधी हे बघ." त्यांनी तिचं बोट धरून त्या खाचेवर ठेवलं. बोट काढू दिलं नाही, आणि सगळं सांगितलं. टायर दोन दिवस सुजतो ते. की अडखळली होती ते. खडा, सांडशी, वळण. मध्ये थांबले नाहीत, कारण थांबलो तर पुन्हा अकरा वर्षं बोलणार नाही हे त्यांना कळत होतं.

मग त्यांनी हात सोडला. बोट मात्र तिने खाचेवरून काढलं नाही.

"बाबांना सांगितलं नव्हतंत, दोन दिवस थांब म्हणून?"

"नाही."

"का?"

"तो छान म्हणाला होता."

ती मागे सरली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. परवावाल्यांचा हात उठला, तोंडही उघडलं, पण पाय मोडलाय असं या वेळी त्यांना म्हणता आलं नाही. बाहेर कुणीतरी शटर वर ढकललं.

"आणि आता?" तिने विचारलं. आवाज कोरडा होता. "आता छान आहे का?"

परवावाल्यांनी सहा मिलिमीटरची की घेतली. एका बाजूने ती सहज गेली. साखळीच्या बाजूने गेली, अर्ध्यात आली आणि रबरात रुतून बसली. ती बाहेर ओढायला त्यांना जोर लावावा लागला. पुतणी बघत होती.

"नाही," ते म्हणाले. "सुजलाय. यापेक्षा बारीक टायर घालतो."

"उद्या रविवार आहे, काका."

"माहीत आहे. सोमवारी ये."

ती उठली, टायर अंगठ्याने दाबायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. "सोमवारी," ती म्हणाली आणि चालत घरी गेली.