शैलाकाकू आणि माझ्या लॉगबुकमधले तीन महिने

"तुला मी घेणार नाही," असं शैलाकाकूंनी मला तोंडावर सांगितलं होतं.

त्या परवा सकाळी गेल्या.

आणि आज मला सगळ्यांना अभिमानाने सांगायचंय की हो, त्यांनी मला रिजेक्ट केलं होतं.

अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या निम्म्या मराठी लोकांना वाटायचं, काकू घरबसल्या विमानाची तिकिटं बुक करतात. गणपतीत कुणीतरी हमखास विचारायचं, "काकू, डिसेंबरचं मुंबईचं स्वस्तात बघा ना." त्या "बघते हं" म्हणायच्या. समजावून सांगायच्या भानगडीत कधी पडल्या नाहीत.

त्यांचं खरं काम वेगळंच होतं. युरोपातल्या एका प्रायव्हेट जेट कंपनीला तिथले पायलट पुरायचे नाहीत, म्हणून ती बाहेरच्या देशांतले घ्यायची. अमेरिकेतून कुणाला घ्यायचं, ते काकू ठरवायच्या.

बेसमेंटमधल्या टेबलावर बसून. मागे लोणच्याच्या बरण्या, समोर कुणाकुणा पायलटची लॉगबुकं, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद असलेल्या वह्या.

एअरलाइनच्या क्रू शेड्युलिंगमध्ये, म्हणजे कुठल्या विमानावर कोण जाणार ते ठरवण्यात, आयुष्य काढलेली बाई. पायलट लोकांच्या सगळ्या थापा पाठ.

मी तेव्हा स्टेट कॉलेज नावाच्या गावात मित्राच्या अपार्टमेंटमध्ये सोफ्यावर झोपत होतो. नोकरी गेलेली, व्हिसाचे दिवस संपत आलेले. काकूंकडची ही नोकरी जमली नाही तर बॅग भरून सरळ नागपूर. पुन्हा कधी कॉकपिट दिसेल याची खात्री नाही.

काकू म्हणजे माझ्या आईची कॉलेजमधली मैत्रीण. त्यामुळे मी निर्धास्त. मनातल्या मनात युनिफॉर्मचं मापसुद्धा देऊन झालं होतं.

मी एडिसनला पोचलो तेव्हा काकूंनी आधी पोहे दिले. मग चष्मा लावून लॉगबुक वाचायला घेतलं. प्रत्येक पान. पाऊण तास लागला.

मग म्हणाल्या, "जानेवारी ते मार्च एकही फ्लाइट नाही. कुठे होतास?"

"ताईचं लग्न होतं ना काकू. नागपूरला गेलो होतो."

"ताईचं लग्न गेल्या वर्षी मे महिन्यात झालं. मी पंगतीत तुझ्या शेजारी बसले होते."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

जगातल्या सगळ्या कंपन्यांना खपली असती अशी थाप मी नेमकी त्या बाईला मारली, जिने माझ्या पानात जिलबी वाढायला लावली होती.

त्यांनी लॉगबुक मिटलं. "तुला मी घेणार नाही. पोहे संपव."

मी भयंकर चिडलो. एवढ्यातेवढ्यावरून करिअर संपवता का, वगैरे बरंच बोललो. आईला फोन केला. आईने त्यांना फोन केला. काकूंनी आईला एवढंच सांगितलं, "त्याला म्हणावं, खरं सांगायचं असेल तर ये."

चार दिवस मी नुसता धुमसत होतो. पाचव्या दिवशी बस पकडली आणि गेलो.

खरं असं होतं. मी भाड्याने विमानं चालवणाऱ्या एका छोट्या चार्टर कंपनीत पायलट होतो. जानेवारीतली सकाळ, पंखांवर बर्फाचा पातळ थर. तो काढल्याशिवाय उडायचं नसतं, विमान पडू शकतं; आणि बर्फ काढायचं मशीन यायला वेळ होता. विमानाचा मालक मागे बसलेला, मीटिंगला उशीर होत होता. म्हणाला, "इट्स नथिंग. गो."

मी नाही म्हटलं. तो ओरडला. मी सीटवरून उठून खाली उतरलो.

दुसरा पायलट आला, तसंच विमान घेऊन गेला आणि व्यवस्थित पोचला. माझी नोकरी गेली.

ते व्यवस्थित पोचले, हेच मला सगळ्यात जास्त लागलं होतं. वाटलं, आपणच भित्रे. मूर्ख. म्हणून लपवलं.

काकूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग म्हणाल्या, "ते पोचले म्हणून तू चुकलास का रे? प्रायव्हेट जेटमध्ये मालक तुझ्या पाठीमागे चार फुटांवर बसलेला असतो. त्याला नाही म्हणणारा माणूस मी वर्षभर शोधत असते. आणि तू नेमकं तेच लपवून ठेवलंस, गाढवा."

मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

त्यांनी माझ्यासमोर रिपोर्ट टाइप केला. पहिलीच ओळ: हा पायलट मालकाला नाही म्हणतो.

इंटरव्ह्यूमध्ये तिकडच्या चीफ पायलटने मला फक्त त्याबद्दलच विचारलं. पुढच्या महिन्यात मी युरोपात होतो. तिकडच्या लायसन्सच्या परीक्षा नव्याने दिल्या, पुन्हा अभ्यासाला बसलो. तेव्हा काकू दर रविवारी फोन करून अभ्यास घ्यायच्या. एकदा नापास झालो, तर शिव्याही मराठीत खाल्ल्या.

आज एडिसनच्या फ्युनरल होममध्ये लोक बघतच राहिले. युनिफॉर्ममधले पायलट रांगेने उभे. टेक्सासचा एक, मिनेसोटाची एक, कुणी थेट जिनिव्हाहून आलेला. सगळे त्यांना "काकू"च म्हणत होते. तिकिटं बुक करणारी काकू!

त्यांची मुलगी नेहा इथेच जन्मलेली, वाढलेली. ती गोंधळून माझ्याजवळ आली. "वी थॉट मॉम डिड सम पेपरवर्क. वॉज शी गुड ॲट इट?"

मी तिला सांगितलं, "नेहा, तुझ्या आईने निवडलेले कितीतरी पायलट आज उडतायत. काही रिटायर होऊन घरी नातवंडं खेळवतायत. विमान पडून गेला, असा त्यांच्यात एकही नाही."

काकू, आम्ही सगळे जिवंत आहोत.

या आता. नमस्कार करतो.